शेंडेनक्षत्राची धूळ आणि पुराव्याचा प्रश्न

२ एप्रिल २०२२. गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास विदर्भाच्या आकाशातून पेटते तुकडे एका ओळीत सरकत गेले. अर्ध्या तासात मोबाईलवर चार स्पष्टीकरणे फिरू लागली. कोणी म्हणाले उल्का, कोणी म्हणाले शेंडेनक्षत्र तुटले, कोणी म्हणाले शत्रूचे क्षेपणास्त्र. आणि दिवस पाडव्याचा असल्यामुळे येणारे वर्ष कसे जाणार हे सांगणारेही लगेच पुढे सरसावले. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, धातूचे एक भलेमोठे कडे पडलेले सापडले. नंतर आसपासच्या भागात धातूचे गोळेही मिळाले. एका चिनी रॉकेटचा अवकाशात उरलेला टप्पा परत खाली येताना जळाला आणि त्याचे हे अवशेष आहेत, असे अभ्यासकांनी कक्षेच्या गणितावरून सांगितले. भविष्य सांगणारे गप्प झाले.

पुढच्या रविवारी विहारातल्या अभ्यासवर्गात हाच विषय निघाला. बारावीतल्या एका मुलाने विचारले, "ताई, कडं सापडलं म्हणून समजलं. नसतं सापडलं तं? मंग थे गेलंच नव्हतं म्हणा लागलं असतं काय?"

मित्रांनो, हा प्रश्न आकाशापुरता नाही. पुरावा सापडला नाही म्हणजे घटना घडलीच नाही, असे आपल्याला किती वेळा ऐकवले गेले आहे ते आठवून पाहा. पोलीस ठाण्यात ऐकवले, दवाखान्यात ऐकवले, कोर्टात ऐकवले. म्हणून या प्रश्नाचे उत्तर नीट द्यायचे ठरवून आम्ही वाचायला बसलो. आम्ही समाजशास्त्राचे विद्यार्थी, भौतिकशास्त्र हा आमचा विषय नव्हे. पण पुरावा म्हणजे काय, तो कसा गोळा करायचा आणि त्याच्यावर किती भार टाकायचा, याचा इतका स्वच्छ धडा आम्हाला समाजशास्त्राच्या पुस्तकांतही क्वचितच मिळाला. तो मिळाला एका शेंडेनक्षत्राच्या धुळीत.

या धूमकेतूचे नाव 'विल्ट-२'. स्विस खगोलशास्त्रज्ञ पॉल विल्ट यांनी तो १९७८ मध्ये शोधला. त्याआधी चार वर्षे, १९७४ मध्ये, तो गुरू ग्रहाच्या जवळून गेला आणि गुरूच्या ओढीने त्याची वाट बदलली. पूर्वी तो सूर्यापासून फार लांब फिरत असे. आता साधारण साडेसहा वर्षांत सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करतो. म्हणजे हा जुना, थंड प्रदेशातला पाहुणा आपल्या आवाक्यात नुकताच आला होता. सूर्याच्या उष्णतेने तो अजून फारसा झिजला नव्हता. शास्त्रज्ञांनी त्याला निवडले ते यासाठी.

अमेरिकेच्या नासा या संस्थेने 'स्टारडस्ट' नावाचे यान ७ फेब्रुवारी १९९९ रोजी सोडले. २ जानेवारी २००४ रोजी ते विल्ट-२ पासून सुमारे २४० किलोमीटरवरून गेले. त्या वेळी धुळीचे कण यानावर सेकंदाला ६.१ किलोमीटर वेगाने आदळत होते. या वेगाने यवतमाळहून नागपूर पंचवीस सेकंदांत गाठता येईल. एवढ्या वेगाचा कण धातूवर आदळला तर त्याची वाफ होईल. म्हणून तो झेलायला 'एरोजेल' नावाचा पदार्थ वापरला. हे वाळूतल्याच सिलिकापासून बनवतात, पण त्यात ९९ टक्क्यांहून अधिक भाग पोकळी असते. घट्ट झालेला धूर असावा तसे ते दिसते. कण त्यात घुसतो, हळूहळू थांबतो आणि मागे मुळ्याच्या आकाराची पोकळ वाट सोडतो. टेनिसच्या रॅकेटसारख्या चौकटीत एरोजेलच्या वड्या बसवल्या होत्या आणि त्यांच्या कडेने अॅल्युमिनियमची पत्री होती. ही चौकट बंद कुपीत मिटून यान परत निघाले. सात वर्षे आणि सुमारे ४.६ अब्ज किलोमीटरच्या प्रवासानंतर, १५ जानेवारी २००६ रोजी, ती कुपी युटाच्या वाळवंटात छत्रीच्या साहाय्याने उतरली. चंद्राच्या पलीकडून माणसाने घन पदार्थ परत आणण्याची ही पहिली वेळ. धूमकेतूचा नमुनाही पहिलाच. सगळे कण एकत्र केले तरी चिमूट भरणार नाही. बहुतेक कण केसाच्या जाडीपेक्षाही लहान.

एवढ्याशा धुळीला काय विचारणार? तिला एकच प्रश्न विचारायचा होता: तू कुठली? या प्रश्नाचे उत्तर समस्थानिकांत असते.

दहावीच्या मुलांना आम्ही ते असे सांगतो. ऑक्सिजनच्या प्रत्येक अणूच्या केंद्रात आठ प्रोटॉन असतातच, नाहीतर तो ऑक्सिजन नव्हे. पण न्यूट्रॉन कधी आठ, कधी नऊ, कधी दहा असतात. म्हणून काही अणूंचे वजन १६, काहींचे १७ आणि काहींचे १८. नाव तेच, वागणे जवळजवळ तेच, वजन तेवढे वेगळे. ही समस्थानिके. पृथ्वीवरच्या ऑक्सिजनचे दहा हजार अणू मोजले तर साधारण ९,९७६ अणू १६ वजनाचे निघतात, २० अणू १८ वजनाचे आणि ४ अणू १७ वजनाचे. विहिरीचे पाणी घ्या, काळा दगड घ्या, आपला श्वास घ्या, हा हिशेब किंचितच इकडेतिकडे होतो. सूर्यमालेत अगदी सुरुवातीला, तरुण सूर्याच्या धगीत तयार झालेल्या खनिजांत मात्र १६ वजनाच्या ऑक्सिजनचा वाटा ठळकपणे जास्त असतो. आणि सूर्याच्याही आधीच्या, दुसऱ्याच ताऱ्याच्या पोटात शिजलेल्या कणांत हा हिशेब पार बदललेला असतो, कधी कित्येक पटींनी. कणावर आयनांचा बारीक झोत मारायचा, उडालेले अणू चुंबकाने वजनाप्रमाणे वेगळे करायचे आणि मोजायचे. अशी मोजणी करणाऱ्या यंत्राला मास स्पेक्ट्रोमीटर म्हणतात. कण कुठे जन्मला ते त्याच्या दिसण्यावरून कळत नाही, या मोजणीतून कळते.

विल्ट-२ कडून शास्त्रज्ञांची अपेक्षा काय होती? धूमकेतू सूर्यमालेच्या काठावर, गोठवणाऱ्या थंडीत तयार झाला. तेव्हा त्यात बर्फ आणि त्यासोबत जुन्या ताऱ्यांची, सूर्याच्या उष्णतेचा कधी स्पर्शही न झालेली धूळ असणार, असा मोठ्या प्रमाणावर समज होता. डिसेंबर २००६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात पहिले निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि या समजाला मोठा धक्का बसला. धुळीतले बहुतेक कण समस्थानिकांच्या हिशेबाने आपल्याच सूर्यमालेतले निघाले. त्यात हजार अंश सेल्सिअसच्या वरच्या तापमानाला बनणारी खनिजे होती. एका कणाला 'इंती' असे नाव दिले गेले. इंका लोकांच्या सूर्यदेवाचे हे नाव. त्यातला ऑक्सिजन सूर्याजवळच्या धगीत जन्मलेल्या खनिजांसारखाच होता. म्हणजे सूर्याशेजारच्या भट्टीत तयार झालेले कण कोट्यवधी किलोमीटर बाहेर, बर्फाच्या प्रदेशात जाऊन पोचले आणि तिथल्या धूमकेतूत मिसळले. सुरुवातीची सूर्यमाला आत-बाहेर ढवळली गेली होती. निर्लेप, अस्पर्श असे कोठार कुठे असेल ही कल्पना निदान या धूमकेतूपुरती तरी टिकली नाही.

आता इथे थांबून एक सावधगिरीची सूचना. हे वाचल्याबरोबर आपल्यातल्या काहींचे हात मोबाईलकडे जातील: "बघा, विश्वातही शुद्ध असे काही नाही, नासाने जातिव्यवस्था खोटी ठरवली!" आम्ही विनंती करतो, असे करू नका. धुळीच्या कणाने जातीबद्दल काहीही सिद्ध केलेले नाही. आपली समता ऑक्सिजनच्या हिशेबावर उभी नाही. समजा हा धूमकेतू शंभर टक्के 'शुद्ध' निघाला असता, तर काय आपण विषमता मान्य केली असती? माणसाच्या हक्काला आकाशाची साक्ष लागत नाही. ज्यांनी वर्णव्यवस्थेला विश्वाच्या उत्पत्तीची साक्ष जोडली, त्यांचीच युक्ती आपण उलट्या बाजूने वापरायची नाही.

बाबासाहेबांची पद्धत पाहा. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांच्यापुढे हाच प्रश्न होता: अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे आहेत म्हणून अस्पृश्य झाले काय? बाबासाहेबांनी या दाव्यावर नुसता संताप व्यक्त केला नाही. वंशवाद्यांचीच मोजपट्टी त्यांनी हातात घेतली. इतर अभ्यासकांनी प्रसिद्ध केलेली नाकाच्या मोजमापांची कोष्टके घेतली, प्रांतवार मांडली आणि दाखवले की ब्राह्मण आणि अस्पृश्य हे दोन वेगळे वंश ठरत नाहीत. एकाला आर्य म्हणाल तर दुसऱ्यालाही म्हणावे लागेल. दावा जर मोजमापाचा असेल तर त्याला मोजमापाने तपासायचे आणि दावा जर न्यायाचा असेल तर तो न्यायाच्या भूमीवर लढायचा. या दोन गोष्टींची सरमिसळ बाबासाहेबांनी होऊ दिली नाही. आपणही होऊ देऊ नये.

दुसरा मोह याहून गोड आहे. "बुद्धांनी हे अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगितले होते." अणू सांगितला होता, विश्वाचे चक्र सांगितले होते, आता धूमकेतूची धूळही सांगितली होती! वेदांत विमान शोधणाऱ्यांना आपण हसतो आणि मग तेच काम आपल्या ग्रंथांवर करतो, हे कसे चालेल? केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी जे सांगितले त्याचा अर्थच असा की परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा गुरूने सांगितले एवढ्यावर काही स्वीकारू नका. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनीही ठळकपणे मांडले आहे की बुद्धांनी स्वतःच्या वचनांसाठी प्रमादातीतपणाचा दावा केला नाही, ती कोणीही तपासावीत असे म्हटले. बुद्धांना नासाच्या प्रमाणपत्राची गरज नाही. त्यांनी शिकवलेली तपासणी आपण करतो की नाही, एवढाच प्रश्न आहे.

तर तपासणीकडे परत येऊ. या मोहिमेतली आमच्या दृष्टीने सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट पुढेच आहे.

नमुने परत आल्यावर त्यात ग्लायसिन सापडले. ग्लायसिन हे सर्वांत साधे अमिनो आम्ल, आपल्या शरीरातल्या प्रथिनांचा एक घटक. धूमकेतूवर जीवनाचा कच्चा माल! केवढी मोठी बातमी. पण नासाच्या गोडार्ड केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी ती लगेच दिली नाही. कारण ग्लायसिन पृथ्वीवर सगळीकडे आहे. हाताळणाऱ्याच्या बोटावर आहे, श्वासाच्या थेंबात आहे. त्याच तपासणीत त्यांना आणखी एक रसायन मिळाले होते, जे नायलॉनपासून सुटते. नमुने हाताळताना वापरलेल्या पिशवीच्या नायलॉनपर्यंत त्याचा माग लागला. ही भेसळ त्यांनी लपवली नाही, उलट मोजली. नायलॉनमधल्या कार्बनची समस्थानिके तपासली, ती पृथ्वीवरची निघाली. मग ग्लायसिनची तपासली. त्यातला १३ वजनाचा कार्बन पृथ्वीवरच्या सजीवांत असतो त्यापेक्षा स्पष्टपणे जास्त होता. म्हणजे ग्लायसिन बोटावरचे नव्हते, बाहेरचे होते. ही घोषणा २००९ मध्ये झाली. कुपी २००६ मध्ये उतरली होती. मधली वर्षे स्वतःच्या आवडत्या निष्कर्षाविरुद्ध पुरावा शोधण्यात गेली. भेसळ मान्य केली म्हणून नमुना बाद झाला नाही. कुठला भाग भेसळीचा हे सांगता आले म्हणूनच उरलेल्या भागावर जगाने विश्वास ठेवला.

आणि आता त्या बारावीच्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर. सूर्याच्या आधीच्या ताऱ्यांचे कण विल्ट-२ च्या धुळीत फारच थोडे सापडले. यावरून निष्कर्ष सोपा होता: ते तिथे नव्हतेच. पण काही शास्त्रज्ञांनी वेगळा प्रश्न विचारला. सेकंदाला सहा किलोमीटर वेगाने आदळताना हे नाजूक कण नष्ट तर झाले नसतील? त्यांनी तशाच प्राचीन कणांचे प्रमाण आधीच माहीत असलेल्या उल्कापाषाणाचा भुगा घेतला, प्रयोगशाळेतल्या तोफेने तो त्याच वेगाने तशाच अॅल्युमिनियमच्या पत्रीवर मारला आणि किती कण टिकतात ते मोजले. बरेचसे टिकत नव्हते. तेव्हा धूमकेतूतल्या प्राचीन कणांचा अंदाज वाढवावा लागला. म्हणजे 'सापडले नाही' याचा अर्थ कधी कधी 'गोळा करताना नष्ट झाले' असा असतो. पण हे नुसते म्हणून चालत नाही. किती नष्ट होते ते त्यांनी करून दाखवले.

ज्या वर्षी जानेवारीत ही धूळ उतरली आणि डिसेंबरात तिचे निष्कर्ष छापून आले, त्याच २००६ च्या २९ सप्टेंबरला भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. पहिले शवविच्छेदन इतके निष्काळजीपणे झाले की मृतदेह उकरून पुन्हा तपासणी करावी लागली. तोवर जे जायचे ते गेले होते. पुढे बलात्काराचा आरोप टिकला नाही आणि अत्याचार प्रतिबंधक कायदाही न्यायालयाने लावला नाही. आपण रस्त्यावर उतरलो, ते योग्यच होते. पण त्या लढ्याने चळवळीपुढे एक काम कायमचे ठेवले आहे: पहिल्या चोवीस तासांत गावात पोचणारा, कायदा आणि नमुना या दोन्हींची जाण असलेला कार्यकर्ता तयार करणे. वाफ होऊन गेलेला पुरावा मोर्च्याने परत येत नाही.

आमच्या जिल्ह्याचेच पाहा. २०१७ च्या खरिपात यवतमाळमध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात गेले. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, पाठीवर पंप, तोंडाला फार तर दुपट्टा. फवारणीच्या अनेक औषधांत असे विष असते की ते शरीरातल्या कोलिनेस्टरेज नावाच्या विकराचे काम बंद पाडते. रक्ताच्या तपासणीत ते कळते, पण रक्त वेळेवर घ्यावे लागते. त्या काळात आम्ही वस्त्यांवर फिरत होतो. एका भूमिहीन मजुराच्या घरी बसलो असताना त्याच्या बायकोने सांगितले, "अंगावरचे कपडे दवाखान्यातच फेकून देले. बाटली भंगारवाल्यानं नेली. रक्त घेतलं का नाही, मले मालूम नाही." हाती होता एक कागद, त्यावर कारणापुढे 'नक्की नाही' अशा अर्थाचा शेरा. मालक म्हणत होता, दारू प्यायला असेल. तिच्याकडे सत्य होते, नमुना नव्हता. ज्या माणसाने सकाळपासून संध्याकाळपर्यंत विष श्वासात घेतले, त्याच्या मरणाचे कारण सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्या विधवेवर येऊन पडली होती.

अब्जावधी किलोमीटरवरून आणलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या कणाची प्रत्येक हालचाल नोंदवली जाते. कोणी उचलला, केव्हा, कोणत्या भांड्यात ठेवला, शेजारी काय होते, सगळे. आणि इथे माणसाच्या मरणाची बाटली भंगारात जाते. हा फरक तंत्रज्ञानाचा कमी आणि कोणाचे जाणे मोजण्यालायक समजले जाते याचा जास्त आहे. व्यवस्थेला जाब विचारायचाच. पण तो विचारताना आपल्या हातात रिकामी बाटली, तारीख आणि साक्षीदार असले पाहिजेत.

काही कार्यकर्ते आम्हाला म्हणतात, पोटाचे प्रश्न सोडून आकाशातले कशाला? त्यांना आम्ही काटोलचे उदाहरण देतो. २२ मे २०१२ रोजी दुपारी नागपूर जिल्ह्यातल्या काटोल परिसरात उल्कापाषाण पडले. गावकऱ्यांनी ते उचलून दाखवले, भूवैज्ञानिकांनी गोळा केले, पाऊस लागण्याआधीच ताजे तुकडे प्रयोगशाळांत पोचले. २०२१ मध्ये खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी याच काटोलच्या दगडात ब्रिजमनाइट हे खनिज सापडल्याचे प्रसिद्ध केले. पृथ्वीच्या पोटात खोलवर हे खनिज प्रचंड प्रमाणात आहे, पण तिथवर कोणाचा हात पोचत नाही. पृथ्वीच्या पोटाबद्दल सांगणारा दगड संत्र्याच्या मुलखात पडला आणि तो पहिल्यांदा उचलणारे हात साध्या माणसांचे होते. पण त्या दगडाचे काय करायचे हे ठरवणाऱ्या टेबलावर त्या गावांतली, वाड्यावस्त्यांवरची पोरे किती असतात?

स्टारडस्टच्या कामात सामान्य माणसालाही जागा मिळाली होती. यानाने एरोजेलच्या दुसऱ्या बाजूवर ताऱ्यांमधल्या अवकाशातली धूळही झेलली होती. ती शोधण्यासाठी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली केंद्राने २००६ मध्ये जगभरच्या स्वयंसेवकांना सूक्ष्मदर्शकातली चित्रे इंटरनेटवर पाहायला दिली. पदवी कोणाला विचारली नाही. मात्र आधी प्रत्येकाला चाचणी द्यावी लागे. कामाच्या मध्येही उत्तर आधीच माहीत असलेली चित्रे पेरलेली असत, म्हणजे कोणाची नजर किती भरवशाची ते कळे. हजारो लोकांनी हे काम केले. २०१४ मध्ये ताऱ्यांमधून आलेले असावेत असे सात कण जाहीर झाले आणि त्या शोधनिबंधाच्या श्रेयात स्वयंसेवकांनाही स्थान मिळाले. प्रवेश सर्वांना, कसोटीही सर्वांना सारखी. गुणवत्तेच्या नावाने आपल्याला दाराबाहेर ठेवणाऱ्यांनी हे पाहावे. आणि आपल्याही संघटनांत 'आपला माणूस म्हणतो म्हणजे खरे' असे मानणाऱ्यांनी पाहावे.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने चांद्रयान-४ ला मंजुरी दिली. चंद्रावरची माती आणि दगड उचलून भारतात आणण्याची ही मोहीम आहे. ते नमुने येतील तेव्हा इथेही बंद कुप्या उघडल्या जातील, समस्थानिके मोजली जातील. आज आर्णी-घाटंजीच्या शाळेत नववीत असलेली मुलगी पुढे संशोधनाच्या वयात येईल. ती त्या खोलीत असेल काय? आमच्या पाहण्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात विज्ञान शाखेच्या मुलींनी अख्खे वर्ष प्रयोगशाळेचे कुलूप पाहिले. प्रात्यक्षिकाच्या वह्या मागच्या वर्षीच्या वह्यांवरून उतरवून घेतल्या. शिष्यवृत्ती उशिरा आली तेव्हा त्यांतल्या दोघींनी विज्ञान सोडले. ही गोष्ट पुतळा-विटंबनेसारखी पेटत नाही, म्हणून तिच्यासाठी मोर्चा निघत नाही. आमचे म्हणणे आहे की निघाला पाहिजे. आपल्या निवेदनांत आरक्षणाच्या टक्क्यांसोबत प्रयोगशाळेचे कुलूप, शिष्यवृत्तीची तारीख आणि विज्ञान शिक्षकाची रिक्त जागा हे मुद्देही आले पाहिजेत.

बाकीचे आपल्या हातात आहे. प्रत्येक विहारात एक जाड वही ठेवा. गावात विषबाधा झाली, मारहाण झाली, पाण्याला वास आला, तर त्याच दिवशी नोंद करा: काय, कुठे, किती वाजता, कोणी पाहिले. विषबाधा असेल तर औषधाची बाटली लेबलासकट जपा, तिच्यावरच्या गट क्रमांकाचा फोटो काढा, रक्त तपासायला घेतले का आणि किती वाजता घेतले हे डॉक्टरांना लेखी विचारा. पाण्याची शंका असेल तर दूषित विहिरीसोबत चांगल्या विहिरीचाही नमुना घ्या, कारण तुलनेशिवाय मोजणी मुकी असते. गुन्ह्याच्या जागेवरची वस्तू स्वतः हलवू नका, फोटो काढा आणि पंचनामा होईपर्यंत तिथे थांबा. आपल्या बाजूची कमकुवत गोष्ट असेल तर तीही वहीत लिहा. विरोधी वकिलाने ती शोधून काढण्याआधी ती आपल्याला माहीत असली पाहिजे. आणि मोबाईलवर आलेला मजकूर, बाबासाहेबांचे कितीही कौतुक करणारा असो, पुढे पाठवण्याआधी विचारा: हे कोणी मोजले, कशावरून?

येत्या सुट्टीत आमच्या तालुक्यात नववी-दहावीच्या मुलांसाठी चार दिवसांचा वर्ग आम्ही घेणार आहोत. पहिला तास समस्थानिकांचा, दुसरा पंचनाम्याचा. ज्यांना शिकवता येते त्यांनी या, ज्यांना शिकायचे आहे त्यांनीही या. येताना आपल्या विहिरीचे पाणी स्वच्छ धुतलेल्या बाटलीत आणा आणि बाटलीवर गाव, तारीख आणि वेळ लिहा.

जय भीम!